परवाना येईपर्यंत हात खाली

माणूस मारकुटा होता, हे आधीच सांगून टाकतो. उगाच मागाहून तुम्ही म्हणायला नको की, सांगितलं नव्हतं. लग्नाआधी त्याने सख्ख्या चुलतभावाचे दोन दात पाडले होते, आणि कारण विचाराल तर शिट्टी वाजवली म्हणून. लग्नानंतर एका ट्रकच्या क्लीनरला गटारात उभा केला, डोकं खाली पाय वर. एकदा एक गिऱ्हाईक कुरकुरलं की, गाडीचा पोचा नीट निघाला नाही. याने त्याच्या गाडीच्या दारावर ताजा पोचा पाडून दाखवला, आणि पाडला तो गिऱ्हाइकाच्याच डोक्याने. आता हसू येतं, पण त्या माणसाचा जबडा तारेने बांधावा लागला होता. पोलीस, वकील, हातापाया पडणं, सगळं झालं.

लोक त्याला ठोक्या म्हणायचे. धंदा गाड्यांचे पत्रे ठोकायचा, आणि स्वभाव हा असा. घरात मात्र तो गरीब गाय. बायकोवर त्याने एकदाच ताट भिरकावलं होतं. तिने उलट तांब्या असा नेम धरून मारला की कपाळाला टाके पडले. तेव्हापासून त्या घरात कोणी भांडं फेकलं नाही.

जबड्याचं प्रकरण मिटलं तशी बायको म्हणाली, "अहो, इथे राहिलात तर एक दिवस खून कराल. इथला प्रत्येक माणूस तुमच्या डोक्यात जातो. बाहेर देशी जा. तिथे भाषा कळणार नाही, म्हणजे शिव्याही कळणार नाहीत." आणि बरोबर तिने आपला भाऊ दिला. हा मेहुणा आधीपासून ठोक्याच्याच हाताखाली काम करायचा. अंगाने किरकोळ, पण दोन्ही हातांनी कंबर धरली की घोरपडीसारखा चिकटायचा. ठोक्या कोणाच्या अंगावर धावला की मागून कंबरेला मिठी पडलीच म्हणून समजा. "भाऊजी, नको! भाऊजी, बस झालं!" एवढं बोलत तो फरफटत जायचा, पण सोडायचा नाही. त्याच्यामुळे किती जबडे वाचले याचा हिशोब कोणी ठेवला नाही.

कामातही त्याची जागा तीच, धरायची. मोठा पोचा काढायचा तर दोन माणसं लागतात. एक बाहेरून हातोडी मारतो, दुसरा पत्र्याच्या मागे हात घालून लोखंडी ठोकळा धरतो. ठोकळा जागेवर असेल तर पत्रा सरळ होतो, नसेल तर आणखी आत जातो. आतला माणूस गाडीच्या डिकीत आडवा पडलेला असतो, त्याला बाहेरचं काही दिसत नाही, आणि गॅरेजच्या गोंगाटात साधी हाक ऐकू येत नाही. या दोघांनी आपली रीत ठरवून घेतली होती. ठोक्या आधी तीन हलके टोले द्यायचा, टक टक टक. तिथे मेहुणा ठोकळा आणायचा, आणि चौथा टोला जोरात पडायचा. शब्द नाही, इशारा नाही. सबंध दिवस दोघं असं काम करायचे आणि संध्याकाळी पत्रा तळव्याने चाचपला तर कुठे उंचवटा लागायचा नाही.

परदेशातलं ते गॅरेज म्हणजे पत्र्याची लांबच लांब शेड. एका टोकाला ठोकायचं काम, दुसऱ्या टोकाला रंगाचं, वर पोटमाळ्यावर एकावर एक खाटा आणि कोपऱ्यात एक नळ. मालक आठवड्यातून कधीतरी यायचा. राज्य होतं मुकादमाचं. हा मुकादमसुद्धा आपल्यासारखाच कामाच्या परवान्यावर आलेला, मूळचा पत्रेवालाच. त्याच्या गळ्यात कायम एक जुना फॅनबेल्ट लटकलेला असायचा. कोणी चुकला, कोणी उशीर केला, कोणी नुसतं वर बघितलं तरी तो बेल्ट गळ्यातून हातात यायचा. गाड्या धुणाऱ्या एका पोराबाळांच्या बापाला त्याने पाण्याचा पाइप नीट गुंडाळला नाही म्हणून पाठीवर असा सडकला की त्या माणसाला आठवडाभर पालथं झोपावं लागलं. ठोक्याच्या डोक्यात तिडीक गेली, तो हातोडीसकट निघाला, आणि मेहुण्याने कंबर धरली. हे इतक्या वेळा झालं की रंगारी म्हणायचा, "तुझ्या मेहुण्याचा पगार कंबरेच्या पट्ट्याच्या खात्यातून द्यायला पाहिजे."

ठोक्याच्या अंगाला मात्र मुकादमाने कधी हात लावला नव्हता. एक तर तो त्याला भ्यायचा. दुसरं म्हणजे ठोक्यासारखा हात त्या शेडमध्ये दुसरा नव्हता, आणि ते मालकालाही ठाऊक होतं.

मग एक दिवस एक बाई आपली जुनी गाडी न्यायला आली. तिचं स्वतःचं छोटं गॅरेज होतं, जुन्या गाड्या नव्यासारख्या करून द्यायचं. काम अंगावर आलं म्हणून तिने एक गाडी इथे दिली होती. तिने डोळे मिटून मडगार्डवरून तळवा फिरवला, पुन्हा फिरवला आणि विचारलं, "यात लांबी किती भरलीत?" लांबी म्हणजे ते राखाडी लुकण, खड्डा राहिला की ते थापून वर रंग मारतात आणि वर्षभराने त्याचे पोपडे पडतात. ठोक्या फटकन म्हणाला, "लांबी मी भरत नाही. लांबी भरणाऱ्याला मी माणूस समजत नाही." बाई हसली. जाताना हळूच म्हणाली, "माझ्याकडे याल का? कागदपत्रांचं मी बघते. पण सध्या एकाच माणसाची परवानगी मिळेल मला. मेहुण्याला पुढच्या वर्षी घेऊ."

आता त्या देशातली गंमत ऐका. परवान्याच्या कार्डावर मालकाचं नाव छापलेलं. मालक बदलायचा तर नव्या मालकाने अर्ज करायचा, सरकार जुन्या मालकाला कळवणार, आणि नवा परवाना हातात पडेपर्यंत माणसाने जुन्याच जागी रोज हजर राहायचं. मधेच सोडून गेलास तर परवाना रद्द. मधल्या काळात पोलिसात नाव गेलं, मारामारीची साधी तक्रार झाली, तरी अर्ज रद्द, आणि पहिल्या विमानाने घरी. म्हणजे ज्याला लाथ मारून निघायचं, त्याच्याच दारात हात बांधून उभं राहायचं. हा कायदा ज्याने केला त्याला एकदा फॅनबेल्ट खाऊ घातला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

मेहुणाच म्हणाला, "भाऊजी, जा तुम्ही. तुम्ही सुटलात तर मीही सुटेन." आणि अर्ज गेला.

सरकारी पत्र मालकाच्या टेबलावर पडलं त्या दिवशी मुकादम शेडमध्ये आला तो हसत. त्याने ठोक्याभोवती एक चक्कर मारली, जशी आपण विकत घ्यायच्या गाडीभोवती मारतो. मग सगळ्यांसमोर त्याच्या कानाखाली आवाज काढला. शेडमधली प्रत्येक हातोडी थांबली. मेहुणा धावत येऊन कंबरेला चिकटला. ठोक्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, मानेच्या शिरा तटतटल्या, पण हात खालीच राहिले.

"अस्सं!" मुकादम म्हणाला. "म्हणजे तुला कायदा माहीत आहे."

त्यालाही तो माहीत होता, आणि चांगलाच. रंगाऱ्याने नंतर सांगितलं की, हा मुकादमही एकदा दुसरीकडे जायला निघाला होता. तेव्हाच्या मुकादमाने त्याला असाच डिवचला. याने उलटा हात टाकला, तक्रार झाली, अर्ज गेला पाण्यात. मालकाने दया दाखवून तक्रार मागे घ्यायला लावली, त्याला परत ठेवून घेतला आणि पुढे त्याच मुकादमाची जागा दिली. "त्याला कोणी जाताना बघवत नाही," रंगारी म्हणाला. "आणि कुठे डिवचायचं ते त्याला नेमकं ठाऊक आहे. सांभाळ."

मग सुरू झालं. सकाळी कामावर चढताना पाठीत बेल्ट. वाकून काम करताना कमरेत लाथ, आणि ठोक्याचं तोंड पत्र्यावर आपटायचं. डब्यात थुंकी. एकदा गरम केलेल्या पत्र्याचा तुकडा मुकादमाने त्याच्या मानेवर टेकवला आणि म्हणाला, "अरेरे, दिसलाच नाहीस." कातडी सोलून निघाली. ठोक्या दात ओठ खात उभा. रोज संध्याकाळी तो पोटमाळ्यावर जाऊन उशी तोंडात कोंबायचा आणि ओरडायचा. मेहुणा त्याच्या पाठीला मलम लावायचा. ज्या माणसाने शिट्टीसाठी दात पाडले, त्याने हे सगळं गिळलं. कसं गिळलं? तर हळूहळू एक युक्ती त्याला सापडली होती. मुकादम जवळ आला की तो आतून सगळं घट्ट आवळून घ्यायचा. मुठी, मांड्या, पोट, जबडा. दाराला आतून कडी घालावी तसं. बाहेर काय चाललंय ते दिसायचं, पण आत काही पोचायचं नाही. त्याला या युक्तीचा अभिमानसुद्धा वाटायला लागला होता. बायकोला फोनवर म्हणाला, "बघ, मी सुधारलो."

ठोक्या फुटत नाही म्हटल्यावर मुकादमाची नजर मेहुण्याकडे वळली.

पहिल्यांदा त्याने मेहुण्याला शिडीवरून पाडलं. मग एका दुपारी बेल्ट गळ्याभोवती टाकून त्याला शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं, बैलासारखं, आणि सगळं ठोक्याकडे बघत. ठोक्याने पाऊल उचललं होतं. खोटं सांगत नाही, पहिल्यांदा त्याने पाऊल उचललं होतं. पण बेल्टमध्ये अडकलेला मेहुणा मान हलवून नाही नाही म्हणाला आणि तो थांबला.

जेवणाच्या सुट्टीत नळावर मेहुणा गळ्याला पाणी लावत होता. गळा लालभडक झाला होता.

"भाऊजी, ऐका," तो म्हणाला. "आता तो माझ्यावर येणार. येऊ दे. तुम्ही हात उचलायचा नाही. ताईची शपथ आहे तुम्हाला."

"आणि तुला मारून टाकलं त्याने तर?"

"मारून टाकायला लागला तर मग बघू की," मेहुणा हसला. "तेव्हा तुम्ही काय ऐकणार आहात होय कोणाचं? मलाच धावत येऊन तुमची कंबर धरावी लागेल."

ठोक्याही हसला. अंगावर मार आणि तोंडात हसू, असे ते दोघं नळाशी उभे होते. मेहुण्याचा किती विश्वास होता बघा. शपथ घातली ती वरवरची. आत खोलवर त्याला खात्री होती की, हद्द झाली की भाऊजी फुटणारच. त्या खात्रीवरच तो मार खायला तयार झाला होता.

त्यानंतर दोनचार दिवस मुकादम शांत होता. ते शांत राहणंच वाईट होतं, पण सारखं घाबरून राहायलाही माणसाला जोर लागतो. त्या दिवशी एक मोठी गाडी आली होती, मागची बाजू पार आत गेलेली. मेहुणा डिकीत शिरला. मागच्या चाकावरचा बाहेरचा पत्रा आणि आतली जाड पट्टी यांच्यामध्ये जेमतेम हात जाईल एवढी फट होती. त्यात मनगटापर्यंत हात घालून त्याने ठोकळा धरला. दुसऱ्या टोकाला रंगाऱ्याचा कॉम्प्रेसर धडधडत होता, त्यामुळे शेजारी उभ्या माणसाचंही बोलणं ऐकू येत नव्हतं. टक टक टक, धाड. टक टक टक, धाड. काम लयीत आलं होतं.

मुकादम आला आणि त्याने ठोक्याला खांद्याने बाजूला ढकललं. "सर बाजूला. आज तुझं लक्ष नाही." ठोक्याच्या हातातली हातोडी त्याने काढून घेतली. ठोक्याने काढू दिली. मुकादमाने खाली वाकून भिंतीशी टेकवलेला घणही उचलला. दहा किलोचा घण, गाडीचा सांगाडा सरळ करायचा. पातळ पत्र्यावर तो कोणी वापरत नाही.

आणि मग त्याने डाव्या हाताने हातोडी मारली. टक टक टक. हुबेहूब ठोक्याची. तोही मूळचा पत्रेवाला ना! त्याने रोज ऐकून ऐकून ते टोले उचलले होते. आत मेहुण्याने हातोडी ओळखली, भाऊजींची म्हणून, आणि विश्वासाने ठोकळा बरोबर त्या जागी आणला. पत्र्याला ठोकळा टेकल्याची हलकी थरथर बाहेर दिसली. मुकादमाने हातोडी टाकली, घण दोन्ही हातांत घेतला आणि नेम जरासा बाजूला सरकवला, जिथे मेहुण्याचा पंजा होता.

ठोक्या दोन पावलांवर होता. त्याने सगळं पाहिलं. घण वर जाताना पाहिला. आपण आता काय बघतोय हे त्याला कळलं होतं. मुकादम जवळ आला तेव्हाच त्याने सवयीने सगळं आवळून घेतलं होतं, मुठी, मांड्या, पोट, जबडा, आणि आता ते सुटेना. हात उचलायचा नव्हता, ठीक आहे. शपथ होती, परवाना होता, सगळं मान्य. पण पत्र्यावर एक थाप मारायची होती. जीव तोडून एक हाक मारायची होती. "हात काढ!" एवढंच. अरे, ओरडायला कुठला परवाना लागतो? ओरडला म्हणून कोणी पोलिसात देतं? पण जबडा उघडला नाही. आणि घण खाली आला.

कॉम्प्रेसरच्या वरून ती किंकाळी ऐकू आली. रंगाऱ्याने मशीन बंद केलं तेव्हा शेडभर दुसरा आवाज नव्हता. पत्रा दबून आतल्या पट्टीवर जाऊन बसला होता आणि मधे मेहुण्याचा हात होता. तो निघत नव्हता. मेहुणा ओढत होता आणि ओढताना ओरडत होता. मुकादम म्हणाला, "हात चुकला," आणि घण खाली ठेवून तिथेच उभा राहिला, ठोक्याच्या पुढ्यात, छाती काढून. त्याला ठोक्याचा ठोसा हवा होता. तो त्याची वाटच बघत होता.

ठोक्याचे हात मग हलले, पण कामाकडे. त्याने ड्रिलने पत्र्याला भोक पाडलं, आकडा अडकवला आणि पाय टेकवून पत्रा बाहेर खेचला. प्रत्येक हिसक्याला आतून आवाज यायचा, आणि प्रत्येक हिसक्यानंतर ठोक्या जरा थांबून पुन्हा खेचायचा. रंगारी आत वाकून मेहुण्याचं डोकं धरून बसला होता. शेवटी हात सुटला. त्याला हात म्हणायचं कसं, तळव्याची मागची बाजू पुढे आली होती आणि दोन बोटांची हाडं दिसत होती.

ठोक्या आकडा घेऊन उभा राहिला. समोर मुकादम. मेहुणा डिकीतून बाहेर घसरला, त्याने हे दृश्य पाहिलं, भाऊजींच्या हातात लोखंडी आकडा आणि समोर तो, आणि स्वतःचा हात विसरून त्याने उरलेल्या एका हाताने मागून ठोक्याची कंबर धरली. "भाऊजी, नको! नको भाऊजी!" रक्त ठोक्याच्या शर्टावरून खाली ओघळत होतं.

मेहुण्याने आयुष्यभर ती कंबर धरली होती. तिच्यातला जोर त्याला पाठ होता. पुढे झेपावणारं अंग कसं लागतं ते त्याच्या दंडांना माहीत होतं. त्या दिवशी त्याने धरलं तेव्हा ते अंग कुठेच चाललं नव्हतं. ठोक्या नुसता उभा होता, आकडा ठेवायला जागा बघत. मेहुण्याची मिठी क्षणभर तशीच राहिली आणि मग आपोआप ढिली पडली. त्याने वर ठोक्याच्या तोंडाकडे पाहिलं.

इस्पितळात डॉक्टरने विचारलं, कसं झालं? मुकादम दाराशी उभा होता. हातोडी ठोक्याची होती, जागा ठोक्याची होती, तक्रार झाली असती तर कोणाचं नाव पुढे आलं असतं हे त्या खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं. मेहुणा म्हणाला, "मीच हात पुढे घातला. माझी चूक." ठोक्या शेजारी उभा होता आणि इथेही गप्प राहिला.

तीन बोटं मिटायची कायमची बंद झाली. ठोकळा धरता न येणाऱ्या धरणाऱ्याला कोण ठेवतो? मालकाने त्याचा परवाना सरकारला परत केला आणि मेहुण्याला घरी जायला सांगितलं. पोटमाळ्यावर ठोक्याने त्याची बॅग भरली. कपड्यांच्या घड्या घालता घालता तो एकदम खाली बसला आणि म्हणाला, "मला मार. अरे, मार मला. तोंड फोड माझं."

"कुठल्या हाताने?" मेहुण्याने विचारलं.

"डाव्या हाताने मार."

मेहुण्याने बॅगेची चेन ओढून घेतली. "डाव्या हातात बॅग घ्यायची आहे," तो म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

परवाना त्यानंतर आला. नवं कार्ड, नव्या मालकिणीचं नाव. ठोक्या आपल्या हातोड्या न्यायला शेडमध्ये गेला तेव्हा मुकादम एकटाच होता. ठोक्याने सगळ्यात जड हातोडी उचलली आणि त्याच्याकडे वळला. मुकादम मागे मागे सरकत भिंतीला टेकला आणि दोन्ही हातांनी त्याने डोकं झाकून घेतलं. फॅनबेल्ट गळ्यातून खाली पडला. कंबर धरायला कोणी नव्हतं. ठोक्या वाट बघत राहिला की, आता येईल, आता तिडीक डोक्यात जाईल. त्याने मेहुण्याचा हात डोळ्यांपुढे आणला, हाडं आणली, तरी काही वर आलं नाही. त्याला स्वतःचीच भीती वाटली. त्याने हातोड्या पोत्यात भरल्या आणि तो निघाला.

बाईचं गॅरेज चांगलं होतं. उजेड होता, कोणी ओरडत नव्हतं, दुपारी खुर्चीवर बसून जेवता यायचं. बाईने मदतीला माणूस देऊ केला, तर ठोक्या नको म्हणाला. तो एका हातात हातोडी आणि दुसऱ्या हातात ठोकळा घेऊन एकटाच काम करायचा. वेळ दुप्पट लागायचा, पण बाईने तो लागू दिला.

मेहुणा घरी पोचल्यावर महिनाभराने बायकोचा फोन आला. ती रडत होती, पण आवाजात वेगळंच काही होतं. इतक्या वर्षांत ती ठोक्याशी अशा आवाजात बोलली नव्हती.

"मला शेवटी सगळं सांगितलं त्याने," ती म्हणाली. "तुम्ही आकडा घेऊन त्या राक्षसाच्या अंगावर गेलात. परवान्याचा, कशाचा म्हणून विचार केला नाहीत. त्याने तुटक्या हाताने तुम्हाला धरलं, नाहीतर तुम्ही खूनच केला असता. अहो, माझ्या भावासाठी तुम्ही सगळ्यावर पाणी सोडायला निघाला होतात."

"असं झालं नाही," तो म्हणाला. "ऐक. मी हललो नाही. मुकादमाने घण उचलला तेव्हा मी बघत होतो. पत्र्यावर थाप मारली असती, नुसता ओरडलो असतो, तरी तुझ्या भावाने हात काढून घेतला असता. मी ओरडलो नाही. कळलं? मी ओरडलोसुद्धा नाही."

पलीकडे ती नाक ओढत हसली. "पुरे हो! मला सांगताय? तुमचा राग मी बघितला नाही का? माझ्या भावाला कोणी मारतंय आणि तुम्ही गप्प उभे? शेजाऱ्यांना सांगितलं तर हसतील."

"अगं, खरं सांगतोय."

"बरं, बरं. ते जाऊ दे. मी काय म्हणते, त्याचा तर हात गेला. माहेरी आता कमावता कोणी नाही. धाकटा भाऊ तयार आहे यायला. मालकीणबाई चांगल्या आहेत म्हणता ना? त्यांना विचारा. तो तुमच्याजवळ असला की मला काही घोर नाही बघा."

ठोक्याने विचारलं, "मोठा काय म्हणतो?"

"तो? तो आत्ता इथेच बसला होता. धाकट्याचं नाव काढलं तसा उठून बाहेर गेला. अहो, बोला ना. कधी बोलावताय धाकट्याला?"